चार-नऊ

माझं बोलणं तुटक आहे असं लोक म्हणतात. पुण्यात हे दूषण समजत नाहीत, पण माझ्या बाबतीत पुणेरीपणाचा काही संबंध नाही. बावीस वर्षं वायरलेससमोर बसलं की माणूस असाच बोलायला लागतो. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, कामापुरतं बोलायचं, बटण सोडायचं. बटण दाबून विचार करत बसलं तर तेवढा वेळ शहरातल्या सगळ्या गाड्या मुक्या होतात, हे मला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं. त्यामुळे आधी विचार आणि मग बोलणं अशी सवय लागली. ज्या दिवशी ती मोडायला हवी होती, त्या दिवशी नेमकी मोडली नाही.

मी फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. वडील फायरमन. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते काविळीने गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. बाईला गाडीवर घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून फोन आणि वायरलेस. पुढे धाकटा भाऊ रीतसर भरती होऊन फायरमन झाला आणि शहराच्या पूर्वेकडच्या एका स्टेशनवर लागला. त्या स्टेशनच्या मागेच क्वार्टर्स होत्या. तिथल्या दोन खोल्यांत आई, भाऊ आणि मी राहायचो. मी रोज बसने पेठांकडच्या कंट्रोल रूमला जायचे.

कंट्रोल रूममध्ये फोन घेणं ही एक वेगळीच करमणूक होती. सदाशिव-नारायणकडचे आजोबा आगीची वर्दी देतानाही आधी आमचं शुद्धलेखन तपासल्यासारखे बोलायचे. एकांनी सांगितलं होतं, "शेजाऱ्यांच्या माळ्याला आग लागली आहे. घाई नाही, पण आज जमलं तर बरं." मंडईतला गाळेवाला मात्र नुसता पत्ता ओरडायचा आणि फोन आपटायचा. मला तोच बरा वाटायचा.

वायरलेसवर आम्ही नंबरांत बोलायचो. साहेब लोक त्यांना कोड म्हणायचे, आम्ही नंबर. चाळीसेक नंबर होते, टेबलाच्या काचेखाली त्यांचा तक्ता. एक-तीन म्हणजे पाणी संपलं, टँकर पाठवा. दोन-सात म्हणजे गर्दी आवरत नाही, पोलीस पाठवा. चार-नऊ म्हणजे आपला माणूस पडला आहे, अॅम्ब्युलन्स पाठवा. चार-नऊच्या खाली आणखी एक नंबर होता, तो मी इथे लिहीत नाही. सगळ्या नोकरीत तो मला दोनदा बोलावा लागला.

नंबर असण्याला कारणं होती. खरखरीतही ते ओळखू येत, थोडक्यात काम होई, आणि गाडीभोवती जमलेल्या लोकांना काही समजत नसे. पण आम्हा क्वार्टर्समधल्या लोकांसाठी एक वेगळंच कारण होतं. स्टेशनच्या अंगणात भिंतीवर एक कर्णा लावलेला होता. कंट्रोलचं सगळं बोलणं त्यातून ऐकू येई, म्हणजे जवान न्हाणीघरात असो की जेवायला घरी आलेला असो, त्याला वर्दी कळावी. साहजिकच ते बायकामुलांनाही ऐकू येई. माझा आवाज दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात असायचा. मी घरी आले की आई म्हणायची, आज तुझा घसा बसलाय, सुंठ घे.

त्या कर्ण्याबाबत क्वार्टर्सची एक रीत होती. कुणी कधी घालून दिली नव्हती, पण मोडत कुणीच नसे. कर्ण्यातून काहीही आलं तरी बायकांनी हातातलं काम सोडायचं नाही. नळावर असेल तिने हंडा भरायचा, निवडत असेल तिने निवडत राहायचं. काय झालं, कुणाला झालं, हे विचारायचं नाही. गाडी परत आली की आपापल्या दारातून माणसं मोजायची आणि आत जायचं. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि त्यातून माझी समजूत झाली होती की बायकांना नंबर कळत नाहीत. नंबर म्हणजे त्यांच्यासाठी बंद दार, आणि ते बंद आहे तेच बरं, असं मला मनापासून वाटायचं.

मग शहर बदललं. म्हणजे बदलत तर होतंच, पण आमच्यापर्यंत ते एकदम येऊन आदळलं. पूर्वेला मांजरी गावाकडे जिथे उसाची शेतं होती तिथे सोसायट्या आल्या, आणि त्यांच्या अलीकडे कंप्यूटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती. त्या काचा उघडत नाहीत हे आम्हाला पहिल्या आगीत कळलं. प्रत्येक इमारतीचे स्वतःचे सिक्युरिटीवाले, त्यांचे वॉकीटॉकी, त्यांचे सेफ्टी ऑफिसर. अॅम्ब्युलन्सही आमची राहिली नाही, ती ठेकेदारामार्फत येऊ लागली. चालक कधी लातूरचा, कधी नागपूरकडचा. चार महिने काम करायचा आणि दुसरीकडे जायचा. त्यांना आमचे नंबर शिकवणार कधी आणि कोण? एकदा एका कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला आमच्या माणसाने एक-तीन सांगितलं, तर तो एक ते तीन मजले रिकामे करायला लागला.

तेव्हा वरून आदेश निघाला. पुढच्या महिन्यापासून नंबर बंद, सगळ्यांनी साध्या भाषेत बोलायचं. काचेखालचा तक्ता काढून नेला.

साधी भाषा म्हणजे काय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर नंबर सांगितले आणि बाकी सगळं अर्जांत लिहिलं, ती माणसं वायरलेसवर अर्जच बोलायला लागली. "सदर ठिकाणी आग आटोक्यात आल्याचे निदर्शनास आले असून पुढील आदेश व्हावेत." तेवढ्यात दुसऱ्या गाडीचं पाणी संपलेलं असायचं. आमचे एक जुने लीडिंग फायरमन तर आधी नमस्कार म्हणायचे. भाऊ जेवताना त्यांची नक्कल करायचा आणि आई हसून हसून बेजार व्हायची.

मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची हे समजत नव्हतं. गंमत सगळी पाण्याची नि टँकरची होती. पण उद्या कुणी भाजला, कुणावर भिंत पडली, तर ते शब्द माझ्या तोंडून जाणार आणि थेट त्याच्या घरी चुलीपाशी पोचणार. मी साहेबांकडे जाऊन विचारलं, क्वार्टर्समधला कर्णा काढता येईल का? साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, कर्णा काढला तर जवान गाडीवर उशिरा पोचतील, त्याचं काय करू? भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, नंबर बोलल्याने कमी भाजतं का?" त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला असं एक उत्तर तयार असायचं.

आदेशाला तीन आठवडे झाले असतील. एका गोदामाच्या आगीत एका जवानाच्या हातावर गरम पत्रा पडला. मी आदेशाप्रमाणे साध्या भाषेत बोलले, जवानाच्या हाताला भाजलं आहे, अॅम्ब्युलन्स पाठवा. संध्याकाळी घरी आले तर समजलं, नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची बायको अनवाणी अंगणात धावत आली होती आणि गाडी परत येईपर्यंत पायरीवर बसून रडत होती. तो हाताला पट्टी बांधून, आपल्या पायांनी चालत आला. नळावरच्या बायका माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. आई बोलली, पण भलत्याच विषयावर.

त्या रात्री मी अंथरुणात पडून एक ठरवलं. वडील गेल्यापासून आईला रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का नको. इतरांचं काय ते आदेशाप्रमाणे होईल, पण भावाचं काही झालं तर ते आईला माझ्या आवाजात, कर्ण्यातून कळणार नाही. कसं, ते ठरवलं नव्हतं. नुसतं नाही एवढंच.

तो दिवस त्यानंतर महिन्याभराने आला. दुपारचे बारा वाजत आले होते. मांजरीच्या बाजूला एका काचेच्या इमारतीच्या तळघरात केबलींनी पेट घेतला होता. आग फार नव्हती, धूर होता, आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. भावाच्या स्टेशनची गाडी गेली होती. तळघरात वायरलेस लागत नव्हता, म्हणून तिथले अधिकारी वॉचमनच्या केबिनमधून मला फोनवर सांगत होते आणि मी ते पुढे वायरलेसवर देत होते. अॅम्ब्युलन्स आमच्या क्वार्टर्सच्या अंगणातच, कर्ण्याखाली उभी होती. नवी होती. चालक आणि त्याचा जोडीदार विदर्भाकडचे, येऊन बारा दिवस झालेले.

फोन वाजला. अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ. सिलिंडरमधली हवा संपली आणि जिन्यात पडला. बाहेर काढलाय, पण श्वास धड लागत नाही. अॅम्ब्युलन्स लगेच पाठवा."

मी फोन ठेवला आणि बटणावर बोट ठेवलं. वाक्य तयार होतं. अॅम्ब्युलन्स, मांजरीच्या ठिकाणी जा, जवान धुराने गुदमरला आहे, गेट दोन. ते मी मनात पूर्ण म्हटलं. मग मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. त्या वेळेला आई पोळ्या करत असते. भाऊ कुठल्या आगीवर गेला आहे हे तिला माहीत होतं, कारण ती वर्दी मीच दिली होती. मांजरीला आमची एकच गाडी होती आणि त्या गाडीवर माणसं होती पाच.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "चार-नऊ. मांजरीच्याच ठिकाणी, गेट दोन. चार-नऊ."

आवाज कापू दिला नाही, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता. दोन स्टेशनांनी रॉजर, म्हणजे समजलं, असं म्हटलं. मग एक तिसरा आवाज आला, अॅम्ब्युलन्सवाल्याचा, तोही रॉजर म्हणाला. मी वहीत वेळ टाकली आणि पुढचा फोन घेतला. कोथरूडच्या कुणाची तरी मांजर गच्चीवर अडकली होती.

अकरा मिनिटांनी पुन्हा मांजरीचा फोन. अधिकाऱ्यांचा आवाज चढलेला होता. अॅम्ब्युलन्स कुठवर आली? मी म्हटलं, निघाली आहे, पोचेलच. ते म्हणाले, मुलाचे ओठ काळे पडतायत. मी वायरलेसवर अॅम्ब्युलन्सला ठिकाण विचारलं.

"आत्ताच गेटातून बाहेर निघालो, मॅडम."

मला वाटलं मांजरीच्या गेटातून. कुठल्या गेटातून, असं मी विचारलं.

"इथल्या, स्टेशनच्या. आमाले तो नंबर समजलाच नाही, मॅडम. वाटलं तुमच्या गाड्यांसाठी असन. इथल्या क्वार्टरातल्या एक आजी आल्या, त्याईनं सांगतलं."

क्वार्टर्समध्ये त्या चालकाने आजी म्हणावं अशा तीन बायका होत्या. मी कुठल्या, हे विचारलं नाही. बटण दाबलं आणि सगळं सांगितलं, जसं अकरा मिनिटांपूर्वी सांगायला हवं होतं तसं. गुदमरला आहे, बेशुद्ध आहे, ऑक्सिजन तयार ठेवा, गेट दोन, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या असतील, सायरन चालू ठेवा. बोलताना मला तो कर्णा आठवला नाही. माझ्या शेजारच्या ऑपरेटरने माझ्या हातातून सेट काढून घेतला तेव्हा मला कळलं की मी तेच तेच सांगते आहे.

त्या चालकावर मला इतका राग होता की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. समजलं नाही तर रॉजर कशाला म्हणालास? पुढे त्याची भेट झाली तेव्हा त्यानेच सांगितलं. पहिल्या दिवशी त्याला शिकवलं होतं, कंट्रोल काही बोललं की रॉजर म्हणायचं. आणि बारा दिवस झाल्यावर नंबराचा अर्थ विचारायची त्याला लाज वाटली. तो चोवीस वर्षांचा होता, त्या वयात मलाही वाटली असती. माझा राग तिथेच विरला, आणि मग तो ठेवायला माझ्याशिवाय दुसरी जागा उरली नाही.

भाऊ वाचला. नऊ दिवस यंत्रावर होता, पुढे दीड महिना हॉस्पिटलमध्ये. मी डॉक्टरांना विचारलं, अकरा मिनिटं आधी आला असता तर फरक पडला असता का? ते म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं असणार. पण हो म्हणाले असते तर मी एकदाच रडून मोकळी झाले असते.

चौकशी झाली. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, सेट खरखरत होता असं लिहा, कुणी विचारणार नाही. त्यांची दया मला समजत होती. मी लिहिलं की सेट उत्तम चालू होता, आदेश मला माहीत होता, आणि आईला कळू नये म्हणून मी जाणूनबुजून नंबर बोलले. मला मेमो मिळाला. त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. भावाला गाडीवरून उतरवून स्टोअरमध्ये टाकलं, पाण्याचे होज मोजायला आणि नोंदी ठेवायला. आदेशाचं म्हणाल तर माझं उदाहरण पुढे प्रत्येक नव्या तुकडीला सांगितलं जाऊ लागलं, नाव न घेता.

घरी मात्र आम्ही कुणी काही बोललो नाही. आईने मला विचारलं नाही आणि मी तिला. चार-पाच महिने असे गेले. तिच्या गोळ्या वाढल्या नाहीत, हे मी रोज बघत होते आणि मला ते समजत नव्हतं. ज्या धक्क्यापासून तिला वाचवायला मी हे केलं, तो तिने घेतला आणि उभी राहिली. मी मात्र बसमध्ये उभी असताना अकरापर्यंत मोजायला लागायचे.

शेवटी एका रविवारी दुपारी मीच विषय काढला. भाऊ आतल्या खोलीत पडला होता. आई मेथी निवडत होती, मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, आई, तू त्या अॅम्ब्युलन्सवाल्याला सांगितलंस. तुला चार-नऊ कसं माहीत?

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुझ्या वडिलांबरोबर अठ्ठावीस वर्षं काढली. मला चार-नऊ माहीत नसेल? इथल्या सगळ्याच बायकांना सगळे नंबर पाठ होते. नवी सून आली की सहा महिन्यांत शिकते."

मग सगळ्याजणी काहीच कळत नसल्यासारख्या का वागायच्या, हे मी विचारलं. ती म्हणाली, आपल्याला समजलं हे गड्यांना समजलं तर त्यांचा पाय निघत नाही. म्हणून. तिने हे अगदी सहज सांगितलं, मीठ कुठल्या डब्यात आहे हे सांगावं तसं. मी तिशी ओलांडलेली होते, त्याच क्वार्टर्समध्ये वाढले होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

मी उठायला हवं होतं. पण एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. मी बोलले त्या मिनिटाला तिला समजलं. अॅम्ब्युलन्स तिच्या दारासमोर, वीस पावलांवर उभी होती. मग ती निघायला अकरा मिनिटं का लागली? हे विचारू नये असं आतून वाटत होतं, तरी मी विचारलं.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुझा आवाज ऐकला आणि कळलं, तू मला समजू नये म्हणून नंबर बोलतेयस. म्हटलं, पोरीला वाटतंय आईला कळलं नाही, तर तसंच वाटू दे. मी आता बाहेर धावले तर तिला कुणीतरी सांगेल, आणि तिथे बसून तिचे हातपाय गळतील. गाडी काय, निघेलच. म्हणून लाटत राहिले. कान गाडीकडेच होते. सात पोळ्या झाल्या. आठवीला म्हटलं, अजून गाडी सुरू कशी होत नाही."

तिने जुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "पहिल्या पोळीला उठले असते तर."

मी तिला म्हणाले की चूक तुझी नाही, माझी आहे. ती म्हणाली, असू दे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. तेवढ्यात आतून भावाची हाक आली. पाणी, म्हणाला. मग थांबून श्वास घेतला. मग दे, म्हणाला. पुन्हा थांबला. कुणीतरी, एवढं म्हणायला त्याला आणखी एक श्वास लागला, आणि तोवर आम्ही दोघीही उठलो होतो.